फायरवॉलच्या आतलं सहक्षेपण

आज एका जुन्या शब्दापासून सुरुवात करू: सहक्षेपण. आमच्या दिग्रसच्या घरी आजोबांच्या रेडिओवर नागपूर केंद्र लागायचं. दिल्लीच्या बातम्या नागपूरने एकदाच घ्यायच्या आणि विदर्भभर सोडायच्या, एवढं साधं काम. इंटरनेटवर मात्र हेच काम बरीच वर्षं अडून बसलं होतं.

१५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेत रिअलऑडिओ आलं होतं. पूर्ण फाईल उतरण्याची वाट न बघता आवाज ऐकू यायला लागला. घरच्या मोडेमवर हे चालायचं, पण ऑफिस-कॉलेजात अडायचं.

का? कारण फायरवॉल वॉचमनसारखी असते. आतल्याने मागवलेलं पार्सल ती आत सोडते, न मागवलेलं परत पाठवते. रिअलप्लेअर एका पोर्टवरून मागणी करायचा आणि आवाजाची पाकिटं यायची यूडीपीवरून, ६९७० ते ७१७० मधल्या कुठल्यातरी पोर्टवर. वॉचमनला या दोन्हींचा संबंधच कळायचा नाही. आणि दोनशे दारं उघडी ठेवायला कोणता ॲडमिन तयार होणार? एप्रिल १९९८ मध्ये आरटीएसपी हे प्रमाण ठरलं, पण तिथेही मागणी एका वाटेने आणि माल बहुतेक वेळा दुसऱ्या वाटेने.

मग दोन उपाय निघाले. पहिला, दारातच एक प्रॉक्सी बसवायची. बाहेरून तिने एकच स्ट्रीम घ्यायची आणि आत सगळ्यांना वाटायची. म्हणजे आपलं सहक्षेपणच! पुढे पवईच्या आयआयटीतून डॉ. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने हजारो शिक्षकांच्या कार्यशाळा झाल्या, त्यांची मांडणीही अशीच होती. शिक्षक जवळच्या केंद्रात जमायचे आणि व्याख्यान ए-व्ह्यू या सॉफ्टवेअरवरून तिथे पोचायचं. शंभर जणांनी शंभर स्ट्रीम ओढायची गरजच नाही.

दुसरा उपाय वेषांतराचा. व्हिडिओ साध्या वेबपेजसारखा एचटीटीपीवरून पाठवायचा. ते दार सगळीकडे उघडंच असतं. २००९ मध्ये ॲपलने एचएलएस आणलं: व्हिडिओचे साधारण दहा-दहा सेकंदांचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा एक साधी फाईल. फायरवॉलला संशय नाही, आणि वाटेतली कॅश तोच तुकडा हजारोंना देऊ शकते. म्हणजे पहिला उपायही यात आपोआप आला.

याची किंमत आपण उशिराने मोजतो. प्लेअर सहसा तीनेक तुकडे जमले की सुरू होतो, म्हणजे दहा सेकंदांच्या तुकड्यांच्या काळात अर्धा मिनिट तिथेच जायचं. म्हणून मॅचच्या दिवशी दिग्रसला शेजारच्या टीव्हीवरून "आऊट!" असा ओरडा येतो, तेव्हा माझ्या मोबाईलवर बॉलर अजून रनअपच घेत असतो. आजोबांच्या रेडिओला हा उशीर माहीत नव्हता.

भेटू पुढच्या भागात.