ब्रुकलिनचा संघ

ज्या संघाविषयी आज लिहायचे आहे त्याचा एकही सामना मी पाहिलेला नाही. पाहणार तरी कसा? माझ्या जन्माच्या वीस-बावीस वर्षे आधीच तो संघ आपल्या गावातून उठून गेला. कॉलेजात शिकत असताना एका जुन्या पुस्तकात त्याची हकिगत वाचली आणि तेव्हापासून मी त्याचा चाहता झालो तो आजतागायत. इतिहासाच्या माणसाने असल्या गोष्टीत जीव गुंतवावा का, असे मित्र विचारतात. पण एक संघ आणि एक गाव यांचे नाते कसे जडते आणि कसे तुटते, हा इतिहासाचाच विषय आहे, असे मला वाटते.

हा खेळ बेसबॉलचा. ज्यांच्या शाळेत सॉफ्टबॉल खेळतात त्या शिक्षकांना तो समजावून सांगायला नको. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. मैदानावर चार ठाणी चौकोनात मांडलेली असतात. गोलंदाज चेंडू टप्पा न पाडता थेट फेकतो आणि फलंदाज गोल दांडक्याने तो टोलवून पळत सुटतो. चारही ठाणी फिरून तो पहिल्या जागी परत आला की एक धाव. तीन गडी बाद झाले की डाव संपला, आणि असे नऊ डाव प्रत्येकाने खेळायचे. फलंदाजाच्या मागे आपल्या यष्टिरक्षकासारखा एक गडी उकिडवा बसलेला असतो, त्याला कॅचर म्हणतात. एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुढचे कळेल.

ब्रुकलिन हा आज न्यूयॉर्क शहराचा एक भाग आहे, पण १८९८ पर्यंत ते स्वतंत्र शहर होते. आपली कोथरूड, हडपसर ही गावे पुण्यात आली, तसे ते न्यूयॉर्कमध्ये आले. नदीच्या पलीकडे श्रीमंतांचे मॅनहॅटन आणि अलीकडे गोदी कामगार, कारागीर, इटालियन, आयरिश, ज्यू, अशी देशोदेशींहून आलेली माणसे. महापौर गेला, शहरपण गेले. राहिला तो १८८३ साली निघालेला बेसबॉलचा संघ. त्याच साली ब्रुकलिनचा प्रसिद्ध पूल रहदारीला खुला झाला होता. काही वर्षांनी ब्रुकलिनच्या रस्त्यांवर विजेच्या ट्राम नव्याने धावू लागल्या आणि रस्ता ओलांडताना लोकांना त्या चुकवत पळावे लागे. त्यावरून ‘ट्रॉली डॉजर्स’, म्हणजे ट्राम चुकवणारे, असे नाव पडले. पुढे ट्राम गळली आणि नुसते ‘डॉजर्स’ राहिले.

या संघात चार्ल्स एबेट्स नावाचा एक कारकून होता. तिकिटे विकावीत, हिशेब लिहावा, अशी त्याची कामे. तोच पुढे संघाचा मालक झाला. गावात पिगटाउन नावाची गलिच्छ वस्ती होती, तिथल्या उकिरड्याच्या जमिनीचे लहान लहान तुकडे त्याने गुपचूप विकत घेतले आणि १९१३ साली तिथे मैदान बांधले. तेच एबेट्स फील्ड. हे मैदान लहान होते, जेमतेम बत्तीस हजार माणसे बसत. त्यामुळे प्रेक्षक खेळाडूंच्या इतके जवळ की हाक मारली तर ऐकू जावी, आणि हाका तर चालूच असत! हिल्डा चेस्टर नावाची एक बाई गुराच्या गळ्यातली घंटा घेऊन येई आणि सामनाभर वाजवी. हौशी वादकांचे एक टोळकेही होते. पंच मैदानात उतरले की ते तीन आंधळ्या उंदरांच्या बालगीताची चाल वाजवीत. पंचांना आंधळे म्हणण्याची ही रीत मला आपल्या तमाशातल्या सोंगाड्याला शोभेलशी वाटते.

आणि खेळ कसा? खेळ, खरं सांगायचं तर, पुष्कळ वर्षे भिकारच होता. १९२६ साली एका सामन्यात तर कमाल झाली. बेब हर्मन या गड्याने चेंडू जोरात टोलवला आणि मान खाली घालून जो पळाला तो तिसऱ्या ठाण्यावर जाऊन पोचला. पाहतो तो तिथे आपल्याच संघाचे आणखी दोघे उभे! एका ठाण्यावर तीन धावपटू. त्यातले दोन बाद झाले. ब्रुकलिनचे लोक आपल्या संघाला ‘बम्स’, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत उडाणटप्पू, म्हणू लागले. पण हे म्हणण्याचा हक्क फक्त ब्रुकलिनकरांचा, बरं का. १९३४ साली शेजारच्या न्यूयॉर्क जायंट्स संघाच्या मॅनेजरने, ब्रुकलिन अजून स्पर्धेत आहे काय, असा कुत्सित प्रश्न केला. त्या हंगामाच्या शेवटच्या दोन सामन्यांत ब्रुकलिनने जायंट्सना हरवले, आणि हातातोंडाशी आलेले अजिंक्यपद त्यांच्याकडून गेले.

१९३९ साली संघाची कीर्ती घरोघर गेली, ती रेडिओमुळे. तोवर न्यूयॉर्कच्या तिन्ही संघांनी आपसात ठरवून धावते वर्णन बंद ठेवले होते. फुकट ऐकायला मिळाले तर तिकीट कोण काढील, ही भीती! ब्रुकलिनच्या लॅरी मॅकफेलने तो करार पुढे चालवायचे नाकारले आणि रेड बार्बर या निवेदकाला आणले. बार्बर दक्षिणेकडचा, त्याची बोली गावाकडची, संथ. तो आरडाओरडा करीत नसे. मैदानात घडले तेवढेच सांगे, पण असे सांगे की स्वयंपाकघरात काम करणाऱ्या बाईलाही मैदान दिसावे. पुढे तिकिटांची विक्री घटली नाही, वाढलीच.

संघही सुधारला. पण नशीब मात्र आडवे येऊ लागले. अमेरिकेत दोन साखळी स्पर्धा असतात आणि दोन्हींचे विजेते शेवटी ‘वर्ल्ड सीरीज’ खेळतात. नाव जगाचे, खेळणार तेव्हा अमेरिकेतलेच, ते असो. सातापैकी चार सामने जो जिंकेल तो अजिंक्य. १९४१ साली ब्रुकलिनची गाठ न्यूयॉर्क यांकीज या बलाढ्य संघाशी पडली. चौथ्या सामन्यात ब्रुकलिन ४-३ असे पुढे होते, शेवटचा डाव, दोन गडी बाद, तिसऱ्याचा शेवटचा चेंडू. फलंदाज चुकला. सामना संपला असे वाटते न वाटते तोच चेंडू कॅचर मिकी ओवेनच्या हातून निसटला. बेसबॉलच्या नियमाप्रमाणे अशा वेळी फलंदाज पळू शकतो. तो पळाला, मग रांगच लागली, आणि यांकीजनी सामना ७-४ असा जिंकला. दुसऱ्या दिवशी मालिकाही. ‘पुढच्या वर्षी बघू’ हे शब्द ब्रुकलिनमध्ये तेव्हापासून रोजच्या बोलण्यात रुळले.

आता या संघाने केलेल्या सर्वांत मोठ्या कामाकडे येतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मोठ्या संघांत काळ्या खेळाडूंना घेत नसत. तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता, म्हणूनच तो मोडणे अवघड. काळ्यांचे संघ वेगळे, स्पर्धा वेगळ्या. ब्रुकलिनचा कारभार पाहणाऱ्या ब्रँच रिकीने १९४५ साली जॅकी रॉबिन्सनला निवडले. हा मोठा मानी गडी. आदल्याच वर्षी सैन्यात असताना बसमध्ये मागे जाऊन बस म्हटल्यावर त्याने ऐकले नव्हते, त्यावरून त्याच्यावर लष्करी खटला झाला आणि तो निर्दोष सुटला होता. अशा माणसाला रिकीने अट घातली, की लोक शिव्या देतील, अंगावर येतील, तू उलटून बोलायचे नाही. एक वर्ष कॅनडात माँट्रिऑलच्या संघातून खेळवून १५ एप्रिल १९४७ रोजी त्याला एबेट्स फील्डवर उतरवले.

त्या आधीच संघातल्या काही दक्षिणी खेळाडूंनी त्याच्याविरुद्ध अर्ज करायचे ठरवले होते. मॅनेजर लिओ ड्युरोशरने त्यांना मध्यरात्री गोळा करून खडसावले. पी वी रीज हा केंटकीचा, म्हणजे दक्षिणेचाच, पण त्याने अर्जावर सही करायला नकार दिला. फिलाडेल्फियाच्या संघाच्या मॅनेजरने तर भर मैदानात इतके अर्वाच्य बोल काढले की रॉबिन्सनच्या बाजूने नसलेले सहकारीही त्याच्या बाजूने उठले. रॉबिन्सन गप्प राहिला आणि खेळत राहिला. १९४९ साली तो आपल्या साखळीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. रॉय कॅम्पानेला, डॉन न्यूकम हेही आले. पण सेंट लुइससारख्या गावी सामना असला की गोऱ्यांचे हॉटेल वेगळे आणि यांचे वेगळे, हे पुढे काही वर्षे चाललेच.

हे वाचताना मला आपला पळवणकर बाळू आठवतो. चांभार समाजातला हा गोलंदाज हिंदूंच्या संघाला सामने जिंकून देई, पण कप्तानपद त्याला कधी मिळाले नाही. ते १९२३ साली त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळाले. चेंडू टाकायला हात चालतो, पण पुढारीपण नको, ही गोष्ट दोन्हीकडची.

रिकीला मी देवमाणूस म्हणणार नाही. त्याला चांगले खेळाडू हवे होते आणि मैदान भरलेले हवे होते. रॉबिन्सन ज्या कॅन्सस सिटी मोनार्क्स संघात होता, त्याला रिकीने एक पैसाही दिला नाही. काळ्यांचे ते संघ पुढे एकेक करून बुडाले. तरीही जे करायला इतर संघांचे मालक धजत नव्हते ते त्याने केले, हे मान्य केलेच पाहिजे.

१९४७, १९४९, १९५२, १९५३. चारही वेळा वर्ल्ड सीरीज आणि चारही वेळा यांकीजकडून हार. मधल्या १९५१ मध्ये तर ऑगस्टात तेरा सामन्यांची आघाडी असूनही जायंट्सनी गाठले आणि ३ ऑक्टोबरला बॉबी थॉमसनच्या एका टोल्यावर सारे गेले. जायंट्स त्या वर्षी दुर्बिणीतून कॅचरच्या खुणा चोरीत होते, ही गोष्ट पन्नास वर्षांनी, २००१ साली वर्तमानपत्रात छापून आली.

मग १९५५. पुन्हा यांकीज, तीन-तीन अशी बरोबरी, सातवा सामना ४ ऑक्टोबरला यांकीजच्याच मैदानावर. चेंडू दिला जॉनी पॉड्रेसला. लोखंडाच्या खाणीतल्या मजुराचा मुलगा, वय तेवीस. गिल हॉजेसने दोन धावा मिळवून दिल्या होत्या. सहाव्या डावात यांकीजचे दोन गडी ठाण्यांवर, बाद एकही नाही, आणि योगी बेराने चेंडू डाव्या कोपऱ्यात उंच मारला. तिथे क्यूबाचा सँडी अमोरोस नुकताच, त्याच डावात उभा केलेला. तो लांबून धावत आला. डावखुरा असल्याने त्याचा हातमोजा उजव्या हातात होता. तोच हात कुंपणाकडे लांबवून त्याने चेंडू झेलला. उजव्या हाताने फेकणाऱ्याचा मोजा डाव्या हातात असतो, त्याला हा झेल बहुधा मिळाला नसता. लगेच चेंडू रीजकडे, रीजकडून हॉजेसकडे, आणि ठाणे सोडून पुढे गेलेला गडीही बाद. शेवटी २-० असा सामना ब्रुकलिनने जिंकला. छत्तीस वर्षांचा रॉबिन्सन त्या सामन्यात बाहेर बसला होता. त्या रात्री ब्रुकलिनच्या रस्त्यांवर मोटारींचे भोंगे आणि माणसांचा लोट. एकच उणे. ‘ब्रुकलिन ईगल’ हे त्यांचे स्वतःचे दैनिक त्याच वर्षी जानेवारीत बंद पडले होते. ज्या बातमीची त्याने इतकी वर्षे वाट पाहिली ती छापायला ते राहिले नाही.

यानंतर दोनच वर्षांनी संघ गेला. मालक वॉल्टर ओमॅली हा वकील. त्याचे म्हणणे असे, की मैदान जुने झाले, मोटारी उभ्या करायला जेमतेम सातशे जागा, आणि प्रेक्षक घर बदलून लाँग आयलंडच्या नव्या वस्त्यांत चालले. यात खोटे काही नव्हते. १९५३ साली बॉस्टनचा एक संघ मिलवॉकीला गेला आणि तिथे गर्दी लोटली, तेही त्याच्या डोळ्यांपुढे होते. त्याला अटलांटिक आणि फ्लॅटबुश या रस्त्यांच्या चौकात, रेल्वेच्या टोकाशी, नवे मैदान बांधायचे होते. त्यासाठी शहराने जमीन ताब्यात घेऊन द्यावी, अशी मागणी. शहराच्या बांधकामांवर ज्याचा शब्द चाले तो रॉबर्ट मोझेस यासाठी तयार होईना. क्वीन्समध्ये फ्लशिंगला या, असे तो सांगे. क्वीन्समधला संघ ब्रुकलिनचा कसा, हे ओमॅलीचे उत्तर. मग त्याने संघ तीन हजार मैल दूर लॉस एंजेलिसला नेला! इतिहासकारांत काही जण मोझेसला दोष देतात. मला दोघांचाही पटतो. पण संघावर मालकाइतकाच ज्यांचा हक्क होता असे मला वाटते, त्या लोकांना कोणी विचारले नाही, हे मला अधिक डाचते. कायद्यात त्या हक्काला नाव नव्हते.

२४ सप्टेंबर १९५७ रोजी एबेट्स फील्डवर शेवटचा सामना झाला. जेमतेम सहा हजार सातशे माणसे आली. ब्रुकलिनने पिट्सबर्गला २-० असे हरवले. रॉबिन्सन तेव्हा संघात नव्हता. आदल्या डिसेंबरात त्याला जायंट्सकडे देऊन टाकले होते, आणि त्याने त्यापेक्षा खेळ सोडणे पसंत केले. १९६० च्या फेब्रुवारीत मैदान पाडायला घेतले. भिंती फोडणाऱ्या लोखंडी गोळ्याला बेसबॉलसारखा रंग दिला होता. कोणाची ही कल्पना, देव जाणे. आज त्या जागेवर मोठाल्या चाळवजा इमारती आहेत.

तिकडे लॉस एंजेलिसला नवे मैदान १९६२ साली उभे राहिले, ते चावेझ रवीन या टेकड्यांतल्या जागी. तिथे मेक्सिकन वंशाच्या गरीब कुटुंबांची वस्ती होती. सरकारी घरे बांधायची म्हणून त्यांना उठवले गेले, घरे बांधलीच नाहीत, आणि उरलेल्या शेवटच्या कुटुंबांना मे १९५९ मध्ये पोलिसांनी उचलून बाहेर काढले. एका गावाचा संघ गेला आणि तो जिथे गेला तिथे दुसऱ्यांची वस्ती गेली. लॉस एंजेलिसला संघाने १९५९ मध्येच अजिंक्यपद मिळवले, आणि पुढेही अनेकदा. रॉबिन्सनचा ४२ हा आकडा १९९७ साली सगळ्याच मोठ्या संघांनी राखून ठेवला. १५ एप्रिलला मात्र आता सारे खेळाडू तोच आकडा घालून खेळतात.

ओमॅलीला हव्या असलेल्या चौकाशेजारी २०१२ साली एक मोठे बंदिस्त क्रीडागृह झाले. तिथे बास्केटबॉल खेळतात. १९५५ चे अजिंक्यपद लॉस एंजेलिसचा संघ आपल्या खात्यावर मोजतो. कागदोपत्री ते बरोबरही आहे, कारण कंपनी तीच, नाव तेच. मी मात्र माझ्या वहीत ते ब्रुकलिनच्या नावावर लिहून ठेवले आहे.