वळवण ते शांघाय: तुषार जोग यांची प्रदर्शनयात्रा

१/
लोणावळ्याला येणारे पर्यटक वळवणच्या तलावाकाठी आवर्जून थांबतात. हे पाणी मुंबईसाठी अडवलेले आहे. टाटांच्या जलविद्युत योजनेची पायाभरणी येथे १९११ मध्ये झाली आणि १९१५ पासून खोपोलीच्या वीजगृहातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली.

२/
पुढे मावळाशेजारच्या मुळशीतही धरण आले. जमिनी वाचवण्यासाठी १९२१ मध्ये शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापटांचे नाव या लढ्याशी कायमचे जोडले गेले. तरीही धरण झाले आणि गावे बुडाली. शहराच्या उजेडाची किंमत खोऱ्याने का मोजावी, हा प्रश्न मात्र बुडाला नाही.

३/
जवळपास नव्वद वर्षांनी मुंबईचा एक कलावंत हाच प्रश्न घेऊन थेट चीनमधल्या प्रदर्शनात गेला. त्याचे नाव तुषार जोग.

४/
जोग यांचा जन्म १९६६ चा. सर ज. जी. कला महाविद्यालयात आणि नंतर बडोद्यात त्यांचे शिक्षण झाले. पुढे ते अॅम्स्टरडॅमच्या राइक्सअकादमीत राहिले. १९९९ मध्ये शर्मिला सामंत आदी सहकाऱ्यांसह त्यांनी ‘ओपन सर्कल’ हा गट उभारला. कलेने दालनाबाहेरच्या राजकीय वास्तवाला भिडावे, ही त्यामागची भूमिका होती.

५/
२००४ मध्ये त्यांनी ‘युनिसेल पब्लिक वर्क्स सेल’ स्थापन केले. थाट सरकारी बांधकाम खात्याचा, पण नावाप्रमाणेच एकपेशी: कारभारी एकटे जोग. लोकलला लटकून जाणाऱ्या प्रवाशासाठी या ‘खात्या’ने खास उपकरण घडवले. पाहणारा आधी हसे. मग गर्दी कमी करण्याऐवजी लटकणे सुसह्य करणारी व्यवस्था आपण निमूट स्वीकारली आहे, हे त्याच्या ध्यानात येई.

६/
२०१० मध्ये त्यांना आठव्या शांघाय द्वैवार्षिकात स्थान मिळाले. कलाकृती पेटीत बंद करून पाठवण्याऐवजी जोग स्वतःच रॉयल एनफिल्डवर निघाले. दोन किहोतेच्या घोड्यावरून त्यांनी गाडीचे नाव ठेवले ‘रोसिनान्ते’. ५३ दिवसांच्या या प्रवासाला दोन धरणांचा धागा होता: नर्मदेवरचे सरदार सरोवर आणि यांगत्सेवरचे थ्री गॉर्जेस.

७/
ही निवड सहेतुक होती. सरदार सरोवराच्या बुडीत क्षेत्रात एकट्या महाराष्ट्रातली ३३ गावे आली. थ्री गॉर्जेसने १२ लाखांहून अधिक माणसे हलवली. एका देशात लोकशाही, दुसऱ्यात एकपक्षीय सत्ता. विस्थापिताच्या वाट्याला येणारे पाणी मात्र सारखेच.

८/
संकल्पनात्मक कलेवर नेहमीचा आक्षेप असतो, ‘यात कला कुठे आहे?’ जोग यांच्या बाबतीत उत्तर सोपे आहे: प्रवास हीच कलाकृती होती, आणि प्रदर्शन हा तिचा शेवटचा मुक्काम.

९/
डिसेंबर २०१८ मध्ये जोग यांचे निधन झाले. केलेला प्रवास कोणत्याही संग्रहालयाला भिंतीवर टांगता येत नाही. पण वळवणच्या काठावर उभे राहून ‘हे पाणी कोणासाठी अडवले?’ असे ज्याला विचारावेसे वाटेल, तो त्यांच्याच वाटेवर असेल.