पगारी धर्मगुरू

सोलापुराहून तामलवाडीवरून तुळजापुरास पायी जाणारा यात्रेकरू आपले दैवत स्वतः गाठतो. शिपाई, कैदी व इस्पितळांतील रोगी यांस ती मोकळीक नसते. तेथे धर्मगुरूसच जावे लागते. १६९८ च्या सनदेने ईस्ट इंडिया कंपनीवर आपल्या ठाण्यांत पाद्री नेमण्याचे बंधन घातले. १७१४ साली मुंबईस आलेल्या रिचर्ड कॉब या पाद्र्याच्या खटपटीने १७१८ च्या नाताळांत सेंट थॉमस चर्च उघडले आणि गरीब मुलांची शाळाही निघाली. परंतु कॉब हे कंपनीचे पगारी नोकरच होते.

आजच्या भारतीय सैन्यांत पंडित, मौलवी, ग्रंथी व पाद्री असतात. पूजाप्रार्थनेखेरीज आजाऱ्यांस भेटणे, शिक्षा भोगणाऱ्या शिपायांचा समाचार घेणे, मुलांस धर्मशिक्षण देणे, अंत्यविधीस हजर राहणे ही त्यांची कामे होत. पगार मात्र सरकारचाच. ज्याच्या हाती हुकूम त्याचे अन्न खावयाचे आणि ज्याच्या हाती काहीच नाही त्याचा विश्वास संपादावयाचा, ही या पदाची खरी कसोटी आहे. बाहेरच्या माणसास एक पुरोहित न मानवला तर तो दुसरा बोलावील. कोठडींतील कैद्यास ते साधत नाही. म्हणून अशा धर्मगुरूचे पाठांतर पारखण्यापूर्वी त्याचे अंतःकरण पारखावे, असे आम्हांस वाटते.