एका कुलपाची कुळकथा

ठाण्याच्या खाडीच्या पूर्व तीरावर, पारसिकच्या डोंगररांगेपासून पनवेल-उरणच्या मिठागरांपर्यंत पसरलेला जो मुलूख १७ मार्च १९७० रोजी स्थापन झालेल्या सिडकोकडे नव्या शहराच्या उभारणीसाठी सोपवण्यात आला, त्यात तत्कालीन ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांतील ९५ गावे व ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र होते, आणि ही सारी भूमी एका जातीची नव्हती. खाडीच्या कडेला भरतीने भिजणारे खाजण, त्याच्या वर आगरी शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बांध घालून राखलेली भातखाचरे, डोंगराच्या पायथ्याशी मुरूम आणि वर काळा कातळ असे तिचे थर होते. आणि या प्रत्येक थरावर चाकाला जमीन धरून ठेवण्याची निराळी विद्या शिकावी लागे. त्या भूमीवर वसलेल्या नवी मुंबईत आज थार किंवा गुरखा यांसारखी जीपच्या धाटणीची गाडी बाळगणारे अनेक जण पावसाळ्यातल्या रविवारी कर्जत-खोपोलीच्या वा माळशेजकडच्या कच्च्या वाटा धरतात, आणि त्यांच्या बोलण्यात एक प्रश्न हटकून निघतो: डिफरन्शियलचे लॉक एकाच अक्षाला बसवायचे झाले, तर ते पुढच्या अक्षाला बसवावे की मागच्या? माझ्या मते या प्रश्नाचा निवाडा हे यंत्र ज्या कुळात जन्मले त्या कुळाच्या इतिहासातच दडलेला आहे, आणि म्हणून तो इतिहास आरंभापासून पाहणे अगत्याचे आहे.

बैलगाडीला हा प्रश्न कधी पडला नाही. तिची चाके आसाभोवती आपापल्या गतीने फिरत आणि ओढण्याचे काम बैल करीत. सबब वळणावर एक चाक जास्त फिरले आणि दुसरे कमी, तरी कोणाचेच काही अडत नसे. परंतु ज्या दिवशी चाकालाच फिरवून गाडी पुढे न्यावी असा विचार वाफेच्या यंत्रामुळे संभवनीय झाला, त्या दिवशी भूमितीने आपला हक्क मागितला. दोन चाकांमध्ये दीड मीटर अंतर असलेली गाडी काटकोनात वळताना आतले चाक पाच मीटर त्रिज्येच्या कमानीवरून गेले, तर ते सुमारे ७.८५ मीटर चालते आणि बाहेरचे चाक सुमारे १०.२ मीटर, म्हणजे एवढ्याशा वळणात दोघांच्या वाटचालीत सव्वादोन मीटरांहून अधिक तफावत पडते. दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट जखडलेली असतील तर ही तफावत एका चाकाने घसरून भरून काढावी लागते, आणि ते न साधले तर दांडा मोडतो. या अडचणीवर पॅरिसमधील यंत्रकार ओनेसिफोर पेक्यूर याने १८२८ साली आपल्या वाफेच्या गाडीसाठी दंतचक्रांच्या एका योजनेची सनद मिळवली. १८७७ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीने तीच कल्पना तीनचाकी सायकलीत उतरवली. आणि कार्ल बेन्झ याने १८८६ साली ज्या मोटारगाडीचे पेटंट घेतले, तिच्याही मागच्या चाकांमध्ये ही योजना होती. तिलाच आपण डिफरन्शियल म्हणतो.

या योजनेचे मर्म नीट ध्यानात घेतले पाहिजे, कारण पुढचा सारा वाद त्याच्या अर्धवट आकलनातून उद्भवतो. डिफरन्शियल दोन्ही चाकांना वेगाची मुभा देते, परंतु जोर मात्र दोघांना सदैव सारखाच वाटते. गाडीचे जू मध्यावर बांधलेले असते, त्यामुळे एका बैलाने खांदा टाकला की दुसऱ्याने कितीही रेटा लावला तरी जू तिरपे होते आणि ओढ उभी राहत नाही. तीच स्थिती येथे होते. एक चाक अधांतरी राहिले किंवा शेवाळलेल्या दगडावर आले, की त्याला फिरवायला जवळजवळ काहीच जोर लागत नाही, आणि म्हणून कोरड्या जमिनीवर घट्ट उभ्या असलेल्या दुसऱ्या चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळजवळ शून्य, जोर मिळतो. वळणावर जी तरतूद उपकारक ठरली, तीच चिखलात गाडीला जागीच खिळवून ठेवते. हे वैगुण्य मूळ कल्पनेच्या पोटातच होते, आणि त्यावरचा सर्वांत थेट उपाय होता: दिलेली मुभा काही काळ तहकूब करणे. दोन चाकांचे अर्धे दांडे दातांच्या एका कड्याने परस्परांशी बांधले की दोघांची गती एक होते, आणि ज्या चाकाला जमिनीवर जितकी पकड मिळेल तितका जोर ते स्वीकारते. हेच डिफरन्शियल लॉक होय.

यावरून एक सिद्धांत निघतो, आणि या लेखाचा सारा भार मी त्याच्यावर ठेवतो. लॉक लावणे म्हणजे त्या अक्षाने वळण्याचा आपला अधिकार काही काळापुरता सोडणे. तेव्हा हा त्याग आधी त्या अक्षाकडून मागावा, ज्याच्यावर गाडीला दिशा देण्याची जबाबदारीच नाही. तो अक्ष मागचा.

आपल्या मुलखात हे कुलूप आले ते शेतीच्या आणि दगडमातीच्या कामातून, आणि तेथे ते मागच्या अक्षालाच मिळाले. महिंद्र, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांच्या भागीदारीत १९६३ साली इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी स्थापन झाली, आणि पुढील दशकांत ट्रॅक्टर महाराष्ट्राच्या शेतात रुळला. भाताच्या खाचरात चिखलणी करताना एक मोठे चाक रुतून जागीच फिरू लागले, की चालक टाचेजवळचे डिफ लॉकचे पेडल दाबतो, दोन्ही चाके एका गतीने फिरतात, ट्रॅक्टर बाहेर येतो, आणि पाय उचलताच कुलूप सुटते. बांधाशी वळण्यापूर्वी पाय उचललाच पाहिजे, ही शिस्त शेतकऱ्याच्या अंगवळणी पडलेली असते. याच ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकांसाठी दोन स्वतंत्र ब्रेक असतात आणि जाणता चालक कित्येकदा नुसता फिरणाऱ्या चाकाचा ब्रेक दाबून जोर दुसऱ्या चाकाकडे वळवतो. आजच्या मोटारींतील संगणक घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून जे साधतो, त्याचे मूळ या साध्या युक्तीत आहे.

दुसरी शाखा डंपरांची. नवी मुंबई उभी राहिली ती पारसिकच्या खाणींतला दगड आणि टेकड्यांचा मुरूम उचलून खोलगट जमिनी भरीत. २०२५ साली ज्याचे उद्घाटन झाले त्या विमानतळासाठीही उलव्याची टेकडी फोडून सपाट करण्यात आली आणि उलवे नदीचा प्रवाह वळवण्यात आला. अशा भरावावर फिरणाऱ्या दहाचाकी डंपराच्या मागच्या दोन अक्षांमध्ये एक डिफरन्शियल असते आणि प्रत्येक अक्षात आणखी एक. अवजड कामाच्या गाड्यांना त्यांना बांधून टाकणारी कुलपेही दिलेली असतात. पुढच्या अक्षाकडे मात्र केवळ दिशेचा कारभार असतो, त्याला इंजिनाचा जोर पोहोचतच नाही. शेतकरी आणि खाणवाला या दोघांनीही, कसल्याही वादविवादावाचून, कुलपाचा पहिला मान मागच्या अक्षाला दिला, कारण ओझे तेथे होते.

पुढच्या अक्षालाही जोर मिळणाऱ्या गाड्या ही या कुळातली तिसरी शाखा. १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या माझगावात महिंद्रांनी विलिस जीपची जुळणी सुरू केली, आणि चारही चाकांनी ओढणारी लहान गाडी आपल्या खेड्यांपर्यंत पोहोचली. परंतु तिच्या दोन्ही अक्षांतील डिफरन्शियल खुली होती, त्यामुळे तिरकस खड्ड्यांत पुढचे एक आणि मागचे एक चाक उचलले गेले की ती चार चाकांची गाडी दोन चाकांवर हतबल उभी राही. दोन्ही अक्षांना कुलूप देण्याचा परिपाठ जर्मनीत महायुद्धानंतर जन्मलेल्या युनिमॉगने रूढ केला, आणि ते वाहनही मुळात शेतीसाठीच योजलेले होते. १९७९ साली आलेल्या मर्सिडीजच्या जी-वॅगनमध्ये हा वारसा उतरला, आणि पुण्याच्या आकुर्डीत ठाण मांडलेल्या फोर्स मोटर्सने, म्हणजे १९५८ साली नवलमल फिरोदियांनी स्थापन केलेल्या पूर्वाश्रमीच्या बजाज टेम्पोने, तो गुरख्याच्या रूपाने आपल्याकडे आणला. २०२१ साली नव्या रूपात आलेल्या गुरख्यात पुढचे आणि मागचे अशी दोन्ही कुलपे चालकाच्या हाताशी दोन स्वतंत्र तरफांनी लावता येतात; भारतात सर्वसामान्य ग्राहकाला मिळणाऱ्या गाड्यांत ही सोय दुर्मीळ आहे.

मग ज्याच्यापुढे एकाच कुलपाचा पर्याय आहे, त्याने काय करावे? येथे भावनेपेक्षा गणित अधिक भरवशाचे. दोन हजार किलोची गाडी घ्या. तिच्या दोन अक्षांमधले अंतर थारसारखे २.४५ मीटर आणि गुरुत्वमध्याची उंची ७० सेंटिमीटर माना, आणि सपाटीवर तिचा भार पुढे-मागे निम्मा-निम्मा आहे असे धरा. ३० अंशांच्या चढावर ती उभी राहिली, की मागच्या अक्षावर सुमारे ११५० किलोंचा भार येतो आणि पुढच्यावर अवघा ५८० किलोंचा. म्हणजे मागची चाके पुढच्यांच्या दुप्पट जोराने जमिनीला धरून असतात. जेथे पकड आहे तेथे कुलूप बसवले तर ते कामाला येते. शिवाय पुढच्या चाकांना जोर पोहोचवणारे सांधे वळणासाठी कोनात वाकतात, आणि स्टीअरिंग पुरते वळलेले असताना पुढचे कुलूप लावले तर सारा ताण त्या वाकलेल्या सांध्यांवर पडून दांडा तुटण्याचा धोका वाढतो; स्टीअरिंगही हाताला जड लागते आणि गाडी सरळ जाण्याचा हट्ट धरते. मागच्या अक्षाला हे भय नाही.

तथापि पुढच्या कुलपाचे माहात्म्य नाकारणे अन्यायाचे होईल. कातळाच्या पायरीवर चढताना पुढचे चाक आधी त्या पायरीला भिडते, आणि त्या क्षणी दुसरे चाक अधांतरी असेल तर मागून कितीही रेटले तरी ते भिडलेले चाक पायरीवर चढत नाही. त्याने स्वतः ओढून वर आले पाहिजे. ओढ्याच्या पात्रातले मोठे धोंडे आणि सह्याद्रीच्या घळींतले उभे टप्पे, येथे पुढचे कुलूपच गाडीला वर खेचते. अर्ध्या चढावर अडकून उलट्या दिशेने वर यावे लागले तर भार पुढच्या अक्षावर आलेला असतो, आणि तेव्हाही तेच तारते. ज्याचा नित्याचा मार्ग असा पाषाणाचा आहे, त्याने दुसरे कुलूप जरूर घ्यावे. परंतु ते दुसरेच असावे.

आडव्या उतारावर मात्र दोन्ही कुलपांपासून सावध राहणे इष्ट. खुल्या अक्षावर एक चाक घसरले तरी दुसरे संथ राहून गाडीला आडवे धरून ठेवते. कुलूप लावले की दोन्ही चाके एकदम घसरतात. मागचे कुलूप असेल तर गाडीची पाठ दरीकडे सरकते, पुढचे असेल तर तोंड. पाठ सरकली तर स्टीअरिंगने सावरण्यास निदान थोडा अवकाश मिळतो. तोंडच सरकले तर दिशा देणारा अधिकारीच हातचा गेलेला असतो. उतरतानाही भार पुढे येतो खरा, पण तेथे दिशेवरील ताबा सर्वांत मोलाचा असल्याने पुढचे कुलूप सोडलेले बरे.

कुलपांतही प्रकार आहेत. २०१५ पासून थारच्या मागच्या अक्षाला मिळू लागलेले ईटनचे यांत्रिक लॉक चालकाची वाट पाहत नाही. दोन चाकांच्या गतीत मिनिटाला सुमारे शंभर फेऱ्यांची तफावत पडली की ते आपोआप लागते, आणि ताशी ३२ किलोमीटरच्या वर ते लागत नाही, कारण वेगात कुलूप लागणे घातक. २०२४ साली आलेल्या थार रॉक्सच्या फोर-बाय-फोर गाड्यांना विजेने चालणारे लॉक आहे, ते चालकाच्या हुकमाने लागते. आपोआप लागणारे नवख्याला सोपे. परंतु त्याला जागे करण्यासाठी चाक आधी फिरू द्यावे लागते, आणि निसरड्या चिखलात तेवढ्या फिरण्यानेच चाक रुतू शकते. ज्याला वाटेचा अंदाज आधी घेता येतो, त्याला हुकमाचे लॉक अधिक उपकारक. कोणतेही असो, डांबरी वा काँक्रीटच्या रस्त्यावर ते लावू नये, वळणापूर्वी सोडावे आणि अडचण सरताच सोडावे.

म्हणून माझा सल्ला असा: पहिले कुलूप मागच्या अक्षाला घ्यावे, चांगले दातेरी टायर आणि ओढदोर त्याच्या सोबतीला घ्यावेत, आणि एखादा पावसाळा याच सामग्रीवर वाटा चालून पाहाव्यात. ज्या ठिकाणी गाडी अडली ती ठिकाणे पायरीची आणि पाषाणाची होती असे दिसून आले, तरच पुढच्या कुलपाचा खर्च करावा. ती चिखलाची असतील तर उणीव बहुधा टायरची किंवा चालकाच्या निर्णयाची असते. आणि नवी मुंबईच्या गाडीवानांना एक कळकळीची विनंती: खाडीकाठचे खाजण आणि त्यातले कांदळवन ही जागा कुलपाची ताकद आजमावण्याची नव्हे. तेथला एका चाकाचा चर भरतीचे पाणी भलतीकडे नेतो, बांध पोखरतो, आणि ज्या शेतकऱ्याने पेडलवरून वेळीच पाय उचलून खाचराचा बांध जपला, त्याच्याच जमिनीचा तो घात करतो. या यंत्राची खरी विद्या त्या शेतकऱ्याच्या टाचेत होती: कुलूप कुठे लावायचे हे त्याला ठाऊक होते, आणि कधी सोडायचे हेही.