सावलीतली अक्षरे

चित्रपटाचा इतिहास लिहिताना दिग्दर्शक, नट, छायालेखक आणि संगीतकार यांची दखल घेतली जाते. परंतु पडद्यावर जे सर्वांत आधी उमटते ते चित्रपटाचे नाव. आणि ते नाव कोणाच्या हाताने लिहिले, हे बहुधा कोणालाच ठाऊक नसते. या अनामिक हातांची आठवण आम्हांस विशेषकरून होते ती अमेरिकेतील १९४० आणि १९५० च्या दशकांतील कृष्णधवल गुन्हेपटांमुळे. 'फिल्म न्वार' या नावाने ते आज ओळखले जातात. 'न्वार' म्हणजे फ्रेंच भाषेत काळा. हे नाव अमेरिकेत जन्मले नाही. युद्धकाळात अडून राहिलेले अमेरिकी चित्रपट पॅरिसमध्ये दाखल झाले, तेव्हा १९४६ साली नीनो फ्रांक या समीक्षकाने ते वापरले आणि मग ते रूढ झाले.

या चित्रपटांतील अंधाराला कारणे होती. बिली वाइल्डर, फ्रिट्झ लांग, रॉबर्ट सिओडमाक हे दिग्दर्शक नाझी राजवटीमुळे युरोप सोडून आलेले होते आणि जर्मन अभिव्यक्तिवादी चित्रपटांचे छायाप्रकाश त्यांच्या डोळ्यांत मुरलेले होते. 'द कॅबिनेट ऑफ डॉक्टर कॅलिगरी' (१९२०) या जर्मन चित्रपटात वेडाने पछाडलेल्या माणसाभोवती अक्षरेच हवेत उमटतात. अक्षर हेही एक पात्र होऊ शकते, याचा तो आरंभीचा दाखला. दुसरे कारण व्यवहाराचे. १९४२ साली अमेरिकी सरकारने नेपथ्यासाठी लागणाऱ्या नव्या साहित्यावर दर चित्रपटामागे ५,००० डॉलर्सची मर्यादा घातली. भिंत उभारणे परवडेना, तेथे सावली कामास आली.

नामपट्ट्यांवरील अक्षरांची सावलीही प्रथम अशाच गरजेतून आली. चित्रकार काळ्या पुठ्ठ्यावर वा काचेवर अक्षरे रंगवी, त्यांचे चित्रण होई आणि मग ऑप्टिकल प्रिंटर या यंत्रावर ती हलत्या दृश्याशी जोडली जात. मागे पांढरा सदरा किंवा उजळ खिडकी आली की पांढरे अक्षर त्यात विरघळून जाई. अक्षराच्या एका अंगाला काळी कड दिली की ते पुन्हा सुटे होऊन वाचता येई. वाचनाच्या सोयीसाठी घेतलेली ही कड हळूहळू अर्थ सांगू लागली.

वाइल्डर यांच्या 'डबल इन्डेम्निटी' (१९४४) मध्ये नामावली चालू असताना कुबड्या घेतलेल्या माणसाची काळी आकृती आपल्या रोखाने चालत येते आणि अखेरीस सारा पडदा व्यापून टाकते. त्या कुबड्यांमागचे कपट प्रेक्षकाला पुढे कळते. सावलीने मात्र ते आधीच सांगितलेले असते. 'द बिग स्लीप' (१९४६) मध्ये नायक-नायिकेच्या छायाकृती सिगारेट पेटवतात आणि नावे येतात ती रक्षापात्रावर विसावलेल्या दोन सिगारेटींवर. 'सनसेट बुलेवार्ड' (१९५०) चे शीर्षक रस्त्याच्या कडेच्या दगडी काठावर रंगवलेले दिसते, म्हणजे नजर गटारापाशीच सुरू होते. 'किस मी डेडली' (१९५५) ची नामावली रात्रीच्या रस्त्यावर वरून खाली सरकते आणि ओळी खालून वर वाचाव्या लागतात. जग उलटे झाले आहे, याची ही पहिली सूचना.

या उदाहरणांतून एक गोष्ट ध्यानात येते. आज 'न्वार शैली' म्हणून जी तिरक्या, लांब सावलीची अक्षरे सर्वत्र दिसतात, ती सावली अक्षराला चिकटवलेली असते. मूळ चित्रपटांत सावली त्या जगातून येत होती. तिला दिवा होता, दिशा होती. त्या छायालेखकांचा दिवा लहान आणि कठोर असे, म्हणून सावलीची कड धारदार पडे. आज संगणकावर एक कळ दाबून मिळणारी धूसर सावली ढगाळ दुपारची असते. खिडकीच्या पट्ट्यांतून आलेल्या प्रकाशाची नसते. एका शीर्षकातील दोन अक्षरांच्या सावल्या दोन दिशांना गेल्या, तर डोळ्याला कारण कळत नाही. पण खोटेपणा कळतो.

हा प्रकाश आपल्याकडेही पोहोचला. गुरुदत्त यांचा 'बाजी' (१९५१), त्यांचीच निर्मिती असलेला राज खोसला यांचा 'सी.आय.डी.' (१९५६) हे मुंबईचे गुन्हेपट त्याच वळणाचे. त्या काळच्या हिंदी चित्रपटांची नावे बहुधा रोमन, देवनागरी आणि उर्दू अशा तिन्ही लिप्यांत येत. देवनागरीत सावली देणे सोपे नाही. रोमन अक्षरे सुटी उभी राहतात आणि आपापली सावली टाकतात. आपली अक्षरे शिरोरेषेला लटकलेली. प्रकाश वरून घेतला की शिरोरेषेची सावली अक्षरांच्या पोटात उतरते आणि 'ष', 'क्ष' यांसारख्या अक्षरांतली पोकळी बुजते. म्हणून येथे सावली जपून, बेतानेच द्यावी लागते. हे ज्ञान पाठ्यपुस्तकांत नव्हते. ते फलक रंगवणाऱ्यांच्या मनगटात होते.

त्यांपैकी फारच थोड्यांची नावे उरली. मराठी नाटकांच्या शीर्षकांना ज्याच्या त्याच्या स्वभावाचे अक्षर देणारे कमल शेडगे (निधन २०२०) आपणांस नावाने ठाऊक आहेत, हे आपले भाग्य. हॉलिवुडमध्ये नामपट्ट्यांचे पुष्कळसे काम १९१९ साली स्थापन झालेल्या पॅसिफिक टायटल या संस्थेत होई. पण तेथे बसून इतरांची नावे रेखणाऱ्यांना स्वतःचे नाव लिहिण्याची मुभा क्वचितच मिळाली.

पुढच्या वेळी एखादा जुना कृष्णधवल चित्रपट पाहताना वाचकांनी नामावलीच्या त्या दोन मिनिटांत उठून जाऊ नये, एवढीच आमची विनंती. अक्षरांमागची सावली कोठून येते आहे, तो दिवा शोधावा. ज्याने तो कोठे ठेवायचा हे ठरवले, त्याचे नाव आपल्याला सापडणार नाही. त्याचे काम मात्र समोरच असेल.