एकाच अग्निबाणात अनेक मोटारी
अग्निबाणाच्या बुडाशी अनेक मोटारी बसवून त्या एकदम पेटविण्याच्या रचनेस 'क्लस्टर' म्हणतात. त्यामुळे एकूण रेटा वाढतो. मात्र कसोटी लागते ती प्रज्वलनाची. कडेची एक जरी मोटार मागे राहिली, तरी रेटा असमान होऊन अग्निबाण कलतो. त्यातच अमोनियम परक्लोरेटयुक्त संमिश्र इंधन काळ्या दारूइतके चटकन पेट घेत नाही. म्हणून प्रज्वलकांच्या तारा समांतर जोडून दणकट बॅटरी वापरतात. २५ एप्रिल २००९ रोजी अमेरिकेतील मेरीलँडमध्ये स्टीव्ह ईव्हज या हौशी अग्निबाणकाराने 'सॅटर्न ५'ची एक दशांश प्रतिकृती उडविली. उंची ३६ फूट, वजन सुमारे ७५० किलो; एक बलाढ्य 'पी' श्रेणीची आणि आठ 'एन' श्रेणीच्या मोटारी. नऊही पेटल्या. सुमारे ४,४०० फुटांवर पोहोचलेली ही प्रतिकृती पॅराशूटच्या आधारे सुखरूप उतरली.