शेवट माहीत असलेला संशोधक: 'द फायनल काउंटडाउन' आणि पर्ल हार्बर

समजा, तारीख आहे 6 डिसेंबर 1941. तुम्ही हवाई बेटांजवळच्या समुद्रात आहात. उद्या सकाळी जपान पर्ल हार्बरवर हल्ला करणार हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे, आणि हाताशी आहे 1980 सालची अणुऊर्जेवर चालणारी विमानवाहू नौका. काय कराल?

1980 साली आलेला, डॉन टेलर दिग्दर्शित 'द फायनल काउंटडाउन' हा सिनेमा नेमका हाच प्रश्न विचारतो. 'निमित्झ' ही खरीखुरी अमेरिकन नौका एका विचित्र वादळात सापडते आणि थेट 1941 मध्ये पोहोचते. चित्रीकरणही निमित्झवरच झालं. एफ-14 जेट विमानं आणि जपानी झीरो विमानं आकाशात समोरासमोर येतात तो प्रसंग आजही बघण्यासारखा आहे. कप्तान (कर्क डग्लस) हल्ला रोखायचं ठरवतो, विमानं उडतातही. पण वादळ परत येतं, विमानांना मागे बोलवावं लागतं आणि इतिहास जसा होता तसाच राहतो.

आता जरा संशोधकाच्या नजरेने बघू. निमित्झची सगळ्यात मोठी ताकद कोणती? आपण पटकन म्हणू, जेट विमानं. पण विमानं पाठवायची कुठे आणि कधी, हे कशावरून ठरतं? जहाजावरचा कमांडर ओवेन्स इतिहासाचा अभ्यासक आहे, पर्ल हार्बरवर पुस्तक लिहितोय. टेहळणी विमानाच्या फोटोंत बंदरातल्या युद्धनौका शाबूत दिसतात, आणि त्यावरून आपण कोणत्या काळात आलोय ते कळतं. म्हणजे निमित्झचं खरं शस्त्र आहे शेवट माहीत असणं. आणि हे शस्त्र इतिहासावर काम करणाऱ्या प्रत्येकाच्या हातात असतं. तिथेच घोळ होतो.

खरा इतिहास बघा. 7 डिसेंबरला सकाळी सात वाजता ओपाना इथल्या रडार केंद्राची वेळ संपली होती. नाश्त्याला न्यायला येणारा ट्रक उशिरा येणार म्हणून दोन सैनिकांनी रडार चालू ठेवलं. 7 वाजून 2 मिनिटांनी उत्तरेकडे सुमारे 210 किलोमीटरवर विमानांचा मोठा थवा दिसला. त्यांनी फोन केला. ड्यूटीवरच्या लेफ्टनंट टायलरने काळजी करू नका असं सांगितलं. पन्नासेक मिनिटांत बॉम्ब पडायला लागले. त्या दिवशी 2403 अमेरिकन मारले गेले.

वाचून राग येतो ना? पण एक माहिती अजून बघा. त्याच सकाळी कॅलिफोर्नियाहून अमेरिकेचीच बी-17 विमानं यायची होती, आणि ती खरंच आली. टायलरचा अंदाज चुकला, पण तो बिनबुडाचा नव्हता.

रॉबर्टा वोलस्टेटर यांनी 1962 च्या आपल्या पुस्तकात हाच मुद्दा मांडला. इशारे भरपूर होते, पण ते गोंगाटात मिसळलेले होते. उदाहरणार्थ, सप्टेंबर 1941 मध्ये टोकियोने होनोलुलूच्या जपानी वकिलातीला बंदराचे भाग पाडून कुठे कोणती जहाजं आहेत ते कळवायला सांगितलं. हा सांकेतिक संदेश अमेरिकेने ऑक्टोबरमध्ये उलगडला होता. आज तो ओरडून सांगतोय असं वाटतं. पण जपानी हेर इतर बंदरांचीही माहिती मागत होते. 27 नोव्हेंबरला नौदलाने दिलेल्या युद्धाच्या इशाऱ्यात संभाव्य ठिकाणं होती फिलिपिन्स, थायलंड, क्रा द्वीपकल्प, बोर्निओ. हवाईचं नाव नव्हतं. कोणता इशारा खरा, ते हल्ला झाल्यावर ठरलं.

याची किंमत माणसांनी मोजली. हवाईचे दोन प्रमुख, ॲडमिरल किमेल आणि जनरल शॉर्ट, यांना दहा दिवसांत पदावरून काढलं. जानेवारी 1942 च्या चौकशीने त्यांच्यावर कर्तव्यात कसूर केल्याचा ठपका ठेवला. 1946 च्या संसदीय चौकशीने मात्र म्हटलं, निर्णयाच्या चुका झाल्या, कर्तव्यात कसूर नव्हे. घटना तीच, निष्कर्ष वेगळा.

पश्चातबुद्धीचं हे कोडं मानसशास्त्रातही तपासलं गेलं. बारूक फिशहॉफ यांनी 1975 मध्ये लोकांना 1814 च्या ब्रिटिश-गुरखा युद्धाचं वर्णन वाचायला दिलं आणि वेगवेगळ्या गटांना वेगवेगळा शेवट सांगितला. ज्याला जो शेवट सांगितला, त्याला तोच जास्त संभाव्य वाटला. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना हे ओळखीचं वाटेल: डेटा बघून हायपोथेसिस लिहायची आणि मग ती आधीपासूनच होती असं भासवायचं, हा त्याचाच चुलतभाऊ.

याचा अर्थ सगळ्यांना माफ करायचं असा नाही. सकाळी पावणेसातच्या सुमारास 'वॉर्ड' या अमेरिकन विनाशिकेने बंदराच्या तोंडाशी एक छोटी जपानी पाणबुडी बुडवली आणि लगेच वरती कळवलं. हल्ल्याला अजून तास होता. ही माहिती त्यांच्या हातात त्याच वेळी होती, म्हणून तिचं काय केलं हे विचारणं रास्त आहे. टायलरला जपानी ताफा का दिसला नाही, हे विचारणं मात्र निमित्झवर बसून विचारणं आहे.

तर तुमच्या कामात हे असं वापरा. प्रत्येक कागदावर दोन तारखा लिहा: तो कधी लिहिला गेला आणि संबंधित माणसाच्या हातात कधी पडला. तुमच्या निष्कर्षाला जुळणारा एक पुरावा घेतलात, की त्याच आठवड्यातले न जुळणारे कागदही वाचा. आणि त्या क्षणी त्या माणसापुढे आणखी कोणते पर्याय होते, त्याची यादी करा. प्रबंधात 'त्यांना कळायला हवं होतं' असं वाक्य आलं, की थांबा आणि समासात तीन शब्द लिहा: कुणाला, कधी, कशावरून? उत्तर कागदात सापडलं तरच ते वाक्य ठेवा.